डाव्या बाजूचा पखवाज

तुमच्या घरात एखादा जुना एमपीथ्री प्लेअर पडलेला असेल ना, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, बंद रिमोट आणि कसल्यातरी चाव्यांच्या सोबत, तर तो फेकू नका. तो मेलेला नाहीये. त्याचं होल्डचं बटण, बाकीची बटणं लॉक करणारं, सरकलेलं असणार. हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, हे माझ्या घरमालकांचं म्हणणं आहे. घाटकोपरला भटवाडीत त्यांच्या घरी आतल्या खोलीत मी दोन वर्षं भाड्याने राहिले आणि आता शपथेवर सांगू शकते की बहुतेक वेळा खरंच होल्डच असतं.

काका लिफ्टचे मेकॅनिक होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं सगळं लिफ्टचंच. "लिफ्ट बंद पडली की लोक मोटरला शिव्या घालतात," ते म्हणायचे. "आणि असतं काय, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडं टाकून गप्पा मारत उभं असतं. प्लेअरचं पण तसंच, आधी दार बघायचं, म्हणजे होल्ड. मग वायर. मग पिन. मग फाइल. मशीनवर संशय सगळ्यात शेवटी." आणि यात अजून एक नियम होता, तो ते बोट वर करून सांगायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि चालू झालं, तर कशामुळे झालं ते आयुष्यात कळणार नाही.

खोली बघायला गेले त्या दिवशीच मला हा माणूस वेगळा आहे हे कळलं होतं. डहाणूहून आले होते, साकीनाक्याला नोकरी लागलेली, डोक्यात एकच टेन्शन की आता हे विचारणार जेवण कसलं करतेस, मित्र येतात का, रात्री किती वाजता परत येतेस. काकांनी विचारलं, "गाणी कशावर ऐकतेस?"

मी म्हटलं, फोनवर.

"फोनवर." त्यांनी काकूंकडे असं बघितलं की जणू मी म्हटलंय मी आंघोळ करत नाही. "मध्ये फोन आला की?"

"गाणं थांबतं."

"मग ऐकलंस काय तू?"

काकू आतून म्हणाल्या, "अहो, तिका चाय तरी इचारा." काकांनी लक्षच दिलं नाही. हे पुढे रोजचंच होतं, काकू स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणायच्या आणि काका टेबलाशी मान खाली घालून दुरुस्तीला आलेल्या प्लेअरच्या पिना घासत बसायचे. काकू माझ्याकडे बघून हात उडवायच्या. "ह्येंका माझा बोलणा कधी ऐकाक येणा नाय. लग्नात अंतरपाट धरलेलो, त्यो अजून काढूकच नाय." मला वाटायचं, असतात नवरे असे. माझे बाबा पण असेच आहेत.

तर माझ्याकडे होता एक प्लेअर, आठवीतला, गुलाबी, बोटाएवढा. डहाणूला गेले तेव्हा शोधून आणला. कधीचा बंद होता. काकांनी तो हातात घेतला, डॉक्टर तान्ह्या बाळाला घेतात तसा. होल्ड बघितलं, ठीक होतं. मग ड्रॉवर उघडला, आणि यार, तो ड्रॉवर म्हणजे काय सांगू. किती प्रकारच्या वायरी, प्रत्येकीला रबरबँड आणि कागदाची चिठ्ठी. त्यातून जाड पिनेची वायर निघाली, आता कुठे मिळत नाही ती. प्लेअर लावला आणि म्हणाले, "आता संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. बघायचं पण नाही. उपाशी माणसाच्या तोंडाकडे कुणी बघत बसतं का?"

संध्याकाळी पण काही नाही. मग त्यांनी काकूंची टाचणी घेतली, मागच्या बारीक भोकात घातली, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं आणि सोडली. स्क्रीनवर निळा उजेड आला. मी खरंच ओरडले. त्यात माझी आठवीतली सगळी गाणी होती, आणि मध्येच मी आणि माझ्या मैत्रिणीने भूगोलाच्या तासाला चोरून केलेलं रेकॉर्डिंग, ज्यात फक्त बाईंचा आवाज आणि आमचं हसणं. काकांनी ते पूर्ण ऐकलं. चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मग म्हणाले, "बाई छान शिकवतात. ऐकायला हवं होतंस तेव्हा."

त्या दिवसापासून मी चेडवा झाले. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, हाक मारताना चेडवा. "काय गो चेडवा, इकडे ये, एक कान दे."

कान द्यायचा म्हणजे काय ते सांगते. काकांकडे सगळ्या वाडीतून प्लेअर यायचे. आता कोण वापरतं असं वाटेल, पण वापरतात हो. सकाळी मैदानात चालणारे आजोबा. हरिपाठ लावून भाजी निवडणाऱ्या बाया. दहावी-बारावीची मुलं, ज्यांचे फोन आयांनी काढून घेतलेत. दुरुस्त झालं की काका टेस्ट करायचे, आणि टेस्ट दोन माणसांचीच. इअरफोनचं एक टोक त्यांच्या उजव्या कानात, एक माझ्या डाव्या कानात. "एकट्याने दोन्ही कानांनी ऐकलं की मेंदू लबाडी करतो," असं त्यांचं मत. "राहिलेलं स्वतःच भरून काढतो. म्हणून एकेक कान वेगळा विचारायचा. हां, तुझ्याकडे काय ऐकू येतंय?" मी सांगायचे, तबला आहे, बासरी आहे. मग ते वहीत लिहायचे, डावा ठीक.

त्या वहीची तर वेगळीच मजा. प्रत्येक प्लेअरला पान, आणि प्रत्येकाला नाव. एक दर महिन्याला काही ना काही होऊन परत यायचा, तो माहेरवाशीण. एक स्वतःच्या वायरीशिवाय दुसऱ्या कुठल्याही वायरीवर चार्ज व्हायचा नाही, तो जावईबापू. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा होता त्याला नाव होतं दारवाला, कारण तो तीनदा आला आणि तिन्हीदा होल्ड लागलेलं. तिसऱ्या वेळी सेक्रेटरी म्हणाले, "अहो, पण मी बटणाला हातच लावला नाही." काका म्हणाले, "लिफ्टमधले पण सगळे हेच सांगतात."

कॉम्प्युटरवरून गाणी भरायची तर एकेक करून. एकदम सगळी सिलेक्ट करून टाकली तर प्लेअर आपल्या मनाने क्रम लावतो आणि मग काकड आरतीच्या आधी शेजारती वाजते. काका एक फाइल टाकायचे, पूर्ण होईपर्यंत हात मांडीवर, मग दुसरी. पन्नास भजनं असतील तर पन्नास वेळा. आणि शेवटी पिन काढताना मी एकदा इजेक्ट न करता सरळ ओढली तर काय ऐकून घ्यावं लागलं मला. "घरातून निघताना येते म्हणत नाहीस तू? निरोप न घेता पिन उपटायची नाही. आतमध्ये काहीतरी लिहिणं चालू असतं त्याचं."

इतका हुशार माणूस, आणि एका बाबतीत असा हट्टी की माझं डोकं फिरायचं. काकांचं म्हणणं होतं की कॉपी केली की गाणं पातळ होतं.

मी म्हटलं, "काका, ते कॅसेटचं. फाइलचं तसं नसतं. आकडे असतात ते, जसेच्या तसे उतरतात."

"तू कॅसेटवरून कॅसेट केलीयेस कधी?"

"नाही."

"मग? मी केलीये. तिसऱ्या कॉपीत बुवाला सर्दी होते."

मी नेटवरून दाखवलं, समजावलं, एकच फाइल शंभर वेळा कॉपी करून ऐकवली. त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "हां, पातळ झालीये थोडी."

आणि यामुळेच सगळा घोळ झाला.

काकांचा स्वतःचा एक प्लेअर होता, स्टीलच्या पाठीचा, वहीत त्याचं नाव पयला. त्यात एकच रेकॉर्डिंग. त्यांच्या गावच्या देवळातलं भजन, सप्ताहातलं, काका तरुण असतानाचं. घाटकोपरमधून भजनी मंडळ गावी गेलं होतं. गाणारे बुवा म्हणजे काकूंचे वडील. कुणीतरी दोन माइकवाला टेपरेकॉर्डर नेला होता, एक माइक बुवांच्या आणि पेटीच्या बाजूला, दुसरा पखवाजाच्या बाजूला. म्हणून ऐकताना उजव्या कानात बुवा आणि पेटी, डाव्या कानात पखवाज. पुढे त्या कॅसेटला बुरशी लागली, फेकावी लागली, पण त्याआधी काकांनी ती कॉम्प्युटरवर घेतली होती आणि तिथून पयल्यात. कॉम्प्युटरवरची काढून टाकली, कारण दोन ठेवल्या तर त्यातली एक पातळ. म्हणजे अख्ख्या जगात ते भजन आता त्या एका प्लेअरमध्ये.

मी एकदा विचारलं होतं, पखवाज कोण वाजवतंय. काका म्हणाले, "आहे एक वाडीतला." आणि विषय बदलला.

मग गेल्या वर्षी, गणपतीच्या जरा आधी, काकांचं बिनसलं. जेवताना गप्प. पिना घासणं बंद. माहेरवाशीण येऊन चार दिवस झाले तरी पान उघडलं नाही. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इचार गो त्येंका. माका काय सांगणत नाय."

विचारलं तर म्हणाले, "पयल्यातला पखवाज गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे गेला. बुवा आहे, पेटी आहे, झांजा आहेत. पखवाज लांबून येतो, शेजारच्या वाडीत वाजतोय असा. आधी कमी झाला, मला वाटलं भास. आता नाहीच."

सगळं करून झालं होतं त्यांचं. होल्ड, वायर, पिन, रीसेट. तीन इअरफोन बदलले, एका वेळी एक. तेच. मग कारण त्यांनी स्वतःच शोधलं होतं. मध्ये एकदा पयल्याची बॅटरी फुगली होती, ती बदलायला दिली तेव्हा भीतीने भजन दुसऱ्या प्लेअरमध्ये हलवलं आणि नंतर परत आणलं. "दोन कॉप्या झाल्या," काका म्हणाले. "मीच पातळ केला. माझ्या हाताने."

मी म्हटलं, द्या, मी ऐकते. दोन्ही कानांत घातलं. पखवाज दणदणीत होता. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसले, आपण पेशंटकडे बघून हसतो तसं. "तुझा मेंदू भरून काढतोय, चेडवा. दोन्ही कानांनी ऐकलंस ना."

मी म्हटलं बरं, एका कानाने ऐकते. "राहू दे," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून तू हो म्हणशील." आणि वर सांगितलं, रविवारी सकाळी पयला फॉर्मॅट मारणार. अर्धं भजन ठेवायचं नाही. ज्याने ते कधी ऐकलं नाही त्याला वाटेल एवढंच होतं, आणि ते बुवांच्या आणि मंडळाच्या बाबतीत खोटं बोलल्यासारखं होईल.

मी शनिवारी ऑफिसातून लवकर आले. म्हटलं, मला निदान कॉपी तरी करून द्या. नाही म्हणाले. काकूंना म्हटलं, तुम्ही सांगा. काकूंनी जेवताना सांगितलं, दोनदा सांगितलं, "माझ्या बाबांचो आवाज आसा त्यात, पुसू नका." काका आमटीत भात कालवत राहिले. काकू उठल्या, ताट तसंच ठेवून आत गेल्या. मला काकांचा इतका राग आला होता की मी पण उठले. वाट लागली होती सगळ्याची.

रविवारी सकाळी काका आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून टेबलाशी बसले. काकू ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून. कॉम्प्युटर चालू. वही उघडी, पयल्याच्या पानावर तारीख घालून झालेली. मी समोर स्टूल घेऊन बसले, का ते मला पण माहीत नव्हतं.

काका म्हणाले, "एकदा शेवटचं ऐकतो."

पयल्याची पिन जराशी सैल होती, दोन्ही हातांनी दाबून धरावी लागायची. त्यामुळे त्यांचे हात अडकलेले. म्हणाले, "ते कानात घाल गो माझ्या." मी समोरून वाकले आणि घातले. बटणही मीच दाबलं.

काकांनी डोळे मिटले होते. ते एकदम उघडले.

"काय केलंस?"

"काही नाही."

"काय केलंस तू? पखवाज आला." ते अर्धे उठले. "अगो, आला. हा काय, कानात वाजतोय. बुवा लांब गेला पण पखवाज आला. काय हलवलंस?"

मला क्षणभर इतका आनंद झाला. वाटलं, आपण नुसतं घातलं आणि झालं पण, पिनेलाच काहीतरी असणार. मी बघायला वाकले, आणि मग त्यांच्या उजव्या कानातल्या इअरफोनवरचं अक्षर दिसलं. एल. मी समोरून घातले होते ना. आरशासारखं झालं होतं. माझी डावी बाजू त्यांची उजवी. उलटे घातले होते मी.

मी एकच गोष्ट बदलली होती.

काकांनी माझं तोंड बघितलं, मग हळूच दोन्ही इअरफोन काढले, अक्षरं वाचली. सरळ घातले. ऐकलं. उलटे घातले. ऐकलं. ड्रॉवरमधून दुसरा इअरफोन काढला, तसंच. मग माहेरवाशीण काढली, त्यात कुणाचातरी हरिपाठ होता, तो सरळ आणि उलटा. काकू ओट्यापासून वळून बघायला लागल्या होत्या. काका घाई अजिबात करत नव्हते. एका वेळी एकच.

"काका," मी म्हटलं, "प्लेअर ठीक आहे."

"कळलं मला," ते म्हणाले. "मी पण मेकॅनिक आहे."

मग त्यांनी वहीत नवीन पान काढलं. पयल्याचं नाही, कोरं. वर नाव लिहिलं नाही. खाली लिहिलं, उजवा ठीक. डावा बंद. वायर बदलून बघितली, पिन बदलून बघितली, प्लेअर बदलून बघितला. मग म्हणाले, "होल्ड कुठे असतं गो याला?"

हे हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही.

काकू आल्या आणि टेबलाशी उभ्या राहिल्या, काकांच्या डाव्या बाजूला. त्यांची नेहमीची बाजू. जेवायला पण तिथेच, स्वयंपाकघराचा दरवाजा तिकडे म्हणून. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो." काका वहीकडेच बघत होते. काकू तिथून चालत टेबलाच्या या बाजूला आल्या, उजवीकडे, आणि परत तेवढ्याच हळू म्हणाल्या, "अहो."

काकांनी मान वर केली. "काय?"

काकू खाली बसल्या. पदर तोंडाला लावला. मग मालवणीतच म्हणाल्या, पण मी साध्या मराठीत सांगते. "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम करता."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर झालीये, हळूहळू झालीये, मशीन लावून डाव्या कानाला फार फरक पडणार नाही. विचारलं, कशाजवळ काम करायचात? काका म्हणाले, लिफ्टच्या मोटरजवळ. आणि मग स्वतःशीच म्हणाले, "मशीनवर संशय शेवटी. आणि तीच निघाली." घरी येताना रिक्षात मी मुद्दाम त्यांच्या डावीकडे बसले होते, मग लक्षात आलं, सिग्नलला उतरून बाजू बदलली. रिक्षावाला वैतागला.

जेवणाच्या टेबलावर काकूंची खुर्ची उजवीकडे आली. काका आता दरवेळी ओ देतात, आणि काकूंचं नवीन गाऱ्हाणं असं की हे मध्ये मध्ये बोलतात.

मी काकांना म्हटलं होतं की फोनमध्ये एक सेटिंग असतं, दोन्ही बाजूंचं एकाच कानात येतं, मी करून देते. त्यांनी फोन बाजूला सारला. दोन दिवसांनी स्वतःच एक वायर बनवली, डावं-उजवं एकत्र जोडून, सोल्डरचा झकास डाग दिलेली, चिठ्ठी लावलेली. पखवाज आला उजव्या कानात. ऐकून म्हणाले, "येतो, पण सगळे एका लिफ्टमध्ये कोंबल्यासारखे वाटतात." आणि हो, कॉपी करू दिली. मी तीन केल्या. तिन्ही त्यांनी उजव्या कानाने पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासल्या, मग म्हणाले, "नाही होत पातळ. मान्य." वहीत तसं लिहून सही केली.

तरी रविवारी सकाळी हाक यायचीच. "चेडवा, कान दे." ती खोली सोडून मी आता बोरिवलीला राहते, पण महिन्यातून एक रविवार जाते. मी त्यांच्या डावीकडे बसते, डावा इअरफोन माझ्याकडे, उजवा त्यांच्याकडे. काकू पलीकडे गवार निवडत असतात. काका बटण दाबतात आणि विचारतात, "हां. तिकडे काय चाललंय?"

मागच्या खेपेला मी त्यांच्या कानातला इअरफोन जरा बाजूला करून, पुढे वाकून म्हटलं, "चांगला वाजवतोय. पण काका, खरं सांगू? हा माणूस जरा घाई करतो. बुवा थांबतात तिथे हा थांबतच नाही."

काका गालात हसले. "घाई होती त्याला. बुवाची मुलगी समोर बसली होती."

मी आधी काकांकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली होती.

"बाबा नंतर वरडलेले ह्येंका," काकू शेंगेकडे बघत म्हणाल्या. "म्हणाले, झिला, भजन आसा, बैलांची शर्यत नाय."

काकांनी ऐकलं. काकू उजवीकडे होत्या.

"अजून करतोय घाई?" त्यांनी मला विचारलं.

मी कान देऊन ऐकलं. "हो. अजून करतोय."

"करू दे," काका म्हणाले.